दाढा माझ्या, पुढचे दात धाकटीचे

शुक्रवारी सकाळी मागच्या दाराच्या पायऱ्यांवर आम्ही दोघी बहिणी बसायचो. धाकटी खालच्या पायरीवर, मी वरच्या. तिची वेणी घालायचे काम माझ्याकडे होते, कारण त्या वेळी आईचे हात धुण्यात असत. धाकटी तोंडाने पाढे म्हणायची आणि हातातल्या पावाचे तुकडे मांजराला घालायची. मी तिचे केस गरजेपेक्षा घट्ट ओढायची. ती "आई गं" म्हणायची आणि जिथे थांबली तिथून पाढा पुढे चालू करायची. मागे वळून तिने एकदाही विचारले नाही की इतके का ओढतेस.

मृत्युपत्र असे सुरू होत नाही, असे माझ्या वकीलबाईंचे म्हणणे आहे. होत नसेल. पण मला जे द्यायचे आहे ते कोणाला आणि का, याची सुरुवात त्या पायऱ्यांवरच आहे. त्यांनी एवढे परिच्छेद राहू दिले, त्यांची मी आभारी आहे. आता रीतसर लिहिते.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, धंदा कवळ्या बनवण्याचा, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे कागद मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने केलेले नाहीत. पन्नास वर्षांच्या प्लास्टरच्या धुळीने माझ्या छातीचे काय झाले आहे ते डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावले आहे आणि ते मला समजले आहे. अविवाहित राहिल्याचा दोष मी कोणाला देत नाही. एवढा एक तरी दोष मी धाकटीच्या माथी मारलेला नाही, याची नोंद व्हावी.

एक. आठ वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात एक अट होती. माझी कामाची खोली माझ्या भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला मिळेल. पण धाकटीने त्या खोलीत कधीही पाऊल ठेवता कामा नये. ठेवलेच, तर खोली विकून टाकावी. ती अट सांगितली तेव्हा वकीलबाईंनी चष्मा काढला होता.

"सख्खी बहीण ना?"

"सख्खी."

"कारण काय लिहू?"

"खोलीत धूळ असते, असं लिहा."

त्यांनी तसे लिहिले. ती अट ठेवायची की काढायची, खरे तर एवढ्यासाठीच हे नवे कागद आहेत. बाकी माझ्याकडे आहे काय? दोन खोल्या, थोडी ठेव आणि पुष्कळ प्लास्टर.

दोन. मी राहते त्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाचीला द्याव्यात. स्वयंपाकघराची खिडकी उचलून मग ओढावी लागते, नाहीतर ती बंद होत नाही. पुस्तके तिने वाचली तर उत्तम. नाही वाचली तरी कपाटासकट ठेवावीत, कपाट भिंतीवरची ओल झाकते.

तीन. बँकेतली ठेव माझी मदतनीस चष्मेवाली हिला द्यावी. हिला सगळे चष्मेवालीच म्हणतात, कारण एक चष्मा डोक्यावर आणि एक नाकावर असतो आणि तिसरा ती शोधत असते. अठरा वर्षे तिने माझे प्लास्टर घोळले आणि माझ्या थापा सांभाळल्या. धाकटीचा फोन आला की ती दारातून ओरडायची, "ताई, बहीण आहे तुमची!"

"सांग, प्लास्टर घोळतेय."

"प्लास्टर कालच संपलं."

"मग सांग, आणायला गेलेय."

"त्या ऐकतायत हो ताई, फोन माझ्या हातातच आहे."

इतकी वर्षे माझ्या खोटेपणाचा साक्षीदार राहून तिने मला एकदाही उपदेश केला नाही. ठेव त्याबद्दल आहे.

चार. या कलमात द्यायचे काही नाही, फक्त सांगायचे आहे. आमच्या मिशनच्या शाळेत मोठ्या सिस्टर दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर एका मुलीच्या गळपट्टीला निळी फीत टाचत. त्या आठवड्यातली सर्वांत चांगली मुलगी. एकच. पुढच्या शुक्रवारी ती फीत तिच्याकडून काढून दुसरीला लावत, किंवा पुन्हा तिलाच. मी आजारपणात एक वर्ष गमावले होते, त्यामुळे धाकटी आणि मी एकाच वर्गात, एकाच बाकावर होतो. फीत तिला अकरा वेळा मिळाली, मला दोनदा. ती मला मिळाली त्या दोन्ही आठवड्यांत धाकटीला गोवर आणि खोकला होता.

मोठ्या सिस्टरांना मी देवाच्या खालोखाल मानत होते. खरे सांगायचे तर देव दिसत नव्हता आणि सिस्टर दिसत होत्या, म्हणून थोडे वरच मानत होते. त्यांच्या बोटांना साबणाचा वास यायचा. टाचणी लावताना त्या वाकत, तेव्हा ज्या मुलीला फीत मिळायची तिलाच तो वास जवळून मिळायचा. सातव्या वर्षी मी त्यांच्याकडून शिकले की चांगलेपणा एका वेळी एकाच अंगावर राहतो. तो तिच्याकडे असेल तर माझ्याकडे नाही. मग घरी येऊन मी तेच मोजमाप सगळ्यांना लावले. आईने धाकटीच्या कपाळावरून हात फिरवला की मी माझे कपाळ चाचपून पाहायची, तिथे काही कमी झाले का. आई म्हणायची, "थोरलीने समजून घ्यायचं असतं." समजून काय घ्यायचे ते तिने सांगितले नाही, आणि विचारले तर धुणे आपटायचा आवाज वाढायचा.

पाच. शाळा संपल्यावर सिस्टरांच्या चिठ्ठीने आम्हा दोघींना दंतवैद्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत काम मिळाले. ती खोली तेव्हा मास्तर चालवत. दंतवैद्य माणसाच्या तोंडाचे माप घेऊन पाठवत, आम्ही त्यात प्लास्टर ओतून जबडा करायचो, त्याच्या टाचेवर, म्हणजे मागच्या कडेवर, खिळ्याने गिऱ्हाइकाचा नंबर कोरायचो, मग मेणात एकेक दात बसवायचो. मास्तर बोलायचे कमी. पहिल्या महिन्यात त्यांनी आमच्या दोघींचे काम खिडकीत ठेवून पाहिले आणि म्हणाले, "पुढचे दात धाकटीकडे. दाढा थोरलीकडे."

"का मास्तर?" मी विचारले.

"तिचे दात हसतात. तुझे चावतात. दोन्ही लागतं."

त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटले असेल. मला मात्र पुन्हा टाचणीचा आवाज ऐकू आला. कवळी आरशात पाहून कोणी दाढांसाठी "वा" म्हणत नाही. माणूस ओठ फाकवतो, पुढचे सहा दात पाहतो आणि डोळे पुसतो. माझ्या दाढांवर ती माणसे पुढची वीस वर्षे जेवत, पण जेवताना कोणी कवळी करणाऱ्याची आठवण काढते का?

दोन वर्षे असे चालले. मग जे झाले ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. वकीलबाईंनाही ते या ओळी टंकताना पहिल्यांदा कळले. इथून पुढे मी धाकटीशी बोलणार आहे, कारण हे कागद वाचले जातील तेव्हा ती समोर बसलेली असेल. मृत्युपत्रात 'तू' लिहायचे नसते, हे मला ठाऊक आहे.

धाकटे, गाण्याच्या बाईंची कवळी तुला आठवत असेल. त्याच आठवड्यात बेकरीवाल्याचीही होती. तू दोन्ही जबड्यांवर नंबर कोरलेस आणि ते उलटे कोरले गेले. बाईंचा नंबर बेकरीवाल्याच्या जबड्यावर, त्याचा बाईंच्या. पुढचे दात लावून तू दोन्ही जबडे माझ्याकडे सरकवलेस. ते प्लास्टर मीच ओतले होते. बेकरीवाल्याच्या हिरडीला उजवीकडे एक उंचवटा होता, बोटाखाली वाटाण्यासारखा लागायचा. मी बोट फिरवले आणि मला कळले. एक शब्द पुरला असता. "अगं, उलटे झाले," एवढेच. बाईंचा कार्यक्रम तोंडावर होता, घाईमुळे मेणावरचे दात तोंडात बसवून पाहण्याची भेट गाळली होती. माझ्या बोटांशिवाय ती चूक पकडणारे कोणी उरले नव्हते. मी चुकीच्या जबड्यावर दाढा लावल्या. फार सुबक लावल्या. चार दिवस दोघींनी मिळून ते काम केले आणि मी मूग गिळून बसले.

बाईंच्या तोंडात बेकरीवाल्याचे दात गेले. त्यांना ओठ मिटेनात. त्यांचा नवरा दवाखान्यात येऊन काय काय बोलला ते खोलीपर्यंत ऐकू येत होते. मास्तरांनी दोन्ही जबडे टेबलावर ठेवून विचारले, "नंबर कोणी घातले?"

"मी," तू म्हणालीस.

"ज्याचा नंबर चुकतो त्याच्या हातात मी माणसाचं तोंड देत नाही. उद्यापासून येऊ नकोस."

तू एप्रन काढून त्याची घडी घातलीस. एवढेच. घरी जाताना वाटेत तू मला म्हणालीस, "बरं झालं, तुझं नाव नाही आलं त्यात." धाकटे, ते वाक्य मी पन्नास वर्षे दाढेत अडकल्यासारखे घेऊन फिरते आहे. तू रडली असतीस, चिडली असतीस, तर मी तुला तिथेच सांगून मोकळी झाले असते, असे मी स्वतःला पटवत आले. ते खरे नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्यांची मेणाची सुरी माझ्या हातात दिली आणि पुढचे दातही माझ्याकडे आले, आणि मला आनंद झाला. खरे ते हे आहे.

पुढे तुझे लग्न झाले, घर हसते राहिले, मुलगी झाली. मला मास्तरांच्या माघारी खोली मिळाली. तुला माझा हेवा वाटला का, हे मी प्रत्येक भेटीत तुझ्या तोंडावर शोधायची. सापडले नाही. याचाही मला राग यायचा.

सहा. मग तुझी मुलगी माझ्याकडे काम शिकायला आली. "मावशी, दाढांशी काय बोलतेस गं?" असे विचारणारी ती पहिली आणि शेवटची. मी दाढ बसवताना पुटपुटते हे मलाही माहीत नव्हते. नऊ वर्षांत ती माझी झाली, असे मला वाटू लागले. संध्याकाळी ती तुझ्याकडे परत जायची, ते मला रोज नव्याने टोचायचे.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी तू तिचा विसरलेला डबा घेऊन खोलीत आलीस. खुर्चीत पोस्टमन बसला होता. मेणावरचे पुढचे दोन दात त्याला पटत नव्हते. मी तीनदा हलवले होते. तू डबा ठेवलास, "बघू जरा," म्हणालीस आणि माझ्या हातातून सुरी घेतलीस. इतकी वर्षे हाताला सवय नसताना तू ते दोन दात कणभर फिरवलेस. पोस्टमनने आरसा पाहिला आणि म्हणाला, "हा मी आहे." तुझी मुलगी ओरडली, "आई! तुला हे येतं?"

"तुझ्या मावशीनंच शिकवलंय," तू म्हणालीस.

मी तुला काहीही शिकवलेले नव्हते. तू मला मोठेपणा देत होतीस, आणि मला वाटले तू मला त्या पोरीसमोर नागडे केलेस. दुसऱ्या दिवशी मी तुला फोनवर सांगितले, "येत जाऊ नकोस, धूळ असते." तिसऱ्या दिवशी मी वकीलबाईंकडे होते.

तू पुन्हा खोलीत आली नाहीस. दोन वर्षांपूर्वी तुझे दात काढावे लागले, तेव्हाही नाही. तू कवळी दुसऱ्याकडून करून घेतलीस. पहिल्यांदा तू ती घालून माझ्या घरी आलीस तेव्हा मी तुझ्या तब्येतीची चौकशी केली, चहा केला, आणि तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. वरची पट्टी हसताना खाली सरकते. दात एका मापाचे, एका रंगाचे, कपाटात लावलेल्या कपांसारखे. कोणा परक्या माणसाने तुझ्या तोंडात बोटे घालून हे केले. मला जितका हेवा त्या माणसाचा वाटला तितका आयुष्यात कोणाचा वाटला नाही.

सात. गेल्या वर्षी मोठ्या सिस्टर खोलीवर आल्या. वय ऐंशीच्या पुढे, काठी, हात धरायला एक तरुण सिस्टर. त्यांची कवळी टोचत होती. मी ती घासून दिली. चष्मेवालीने त्यांना पाणी दिले. मला राहवले नाही, मी त्या निळ्या फितीबद्दल विचारले.

"फीत?" त्या आठवू लागल्या. "हां. खोकं होतं माझ्या कपाटात. डझनभर होत्या की."

"डझनभर? मग तुम्ही एकच का द्यायचात?"

"माझ्या आधीच्या सिस्टर एकच द्यायच्या. मी नवी होते, वय तेवीस. त्यांना विचारायची छाती झाली नाही. मग सवयच पडली." त्यांनी नवीन घासलेली कवळी तोंडात फिरवून पाहिली. "का गं? तुला हवी होती का? मागायचीस ना."

मागायचीस ना! सात वर्षांची मुलगी देवाच्या वरच्या माणसाकडे काय मागणार होती? मी त्यांच्यावर रागवू शकले नाही. तेवीस वर्षांची एक घाबरलेली मुलगी, जी स्वतः कोणाच्या तरी शब्दाला भीत होती, तिच्याकडून मी जग कसे असते ते शिकले होते. आणि ते जग मी मास्तरांच्या खोलीत, तुझ्या पाठीवर, तुझ्या मुलीवर जसेच्या तसे पसरले होते. मास्तर म्हणाले होते, दोन्ही लागतं. ते तर त्यांनी मोठ्याने सांगितले होते. मी फक्त पहिले अर्धे ऐकले.

आता कोणी असे समजू नये की त्या दिवसापासून माझा हेवा गेला. वय झाल्यावर उंची कमी होते, हेवा होत नाही. हे वाचून धाकटी मला माफ करेल, आणि ते तिला सहज जमेल, याचाही मला हेवा वाटतो.

आठ. तेव्हा ती अट मी काढून टाकते. कामाची खोली, त्यातली टेबले, पॉलिशचे चाक, दातांच्या रंगपट्ट्या आणि गिऱ्हाइकांची वही भाची आणि चष्मेवाली या दोघींना समान द्यावी. दोघींनी एकमेकींना कमी बोलावे आणि पंखा लावून काम करावे. खोलीच्या दाराची एक किल्ली धाकटीला द्यावी. तिने यायला कोणाची परवानगी घ्यायची नाही, स्वतःच्या मुलीचीही नाही. मास्तरांची मेणाची सुरी धाकटीची आहे. मी ती मिळवलेली नाही, तिची जागा रिकामी झाली म्हणून माझ्याकडे आली. मूठ झिजली आहे, पण पात्याला मी दर महिन्याला धार लावत आले.

गाण्याच्या बाई आता हयात नाहीत. बेकरीवाल्याच्या मुलाला भाचीने या कागदातला पाचव्या कलमाचा भाग वाचून दाखवावा. त्याच्या वडिलांनीही तेव्हा आमच्या दारात येऊन धाकटीबद्दल जे म्हटले होते ते चुकीच्या माणसाबद्दल होते, एवढे त्या घराला कळावे.

नऊ. शेवटचे. खिडकीखालच्या कपाटात खालून दुसऱ्या कप्प्यात पत्र्याची चपटी पेटी आहे. गेली दोन वर्षे मी तिच्यात अठ्ठावीस दात जमवले आहेत. दात मेणाच्या पट्टीवर लावून विकायला येतात; हे एकाच पट्टीतले नाहीत, सहा वेगवेगळ्या पट्ट्यांतून एकेक निवडलेले, कारण खरे दात एका रंगाचे नसतात. सुळे किंचित पिवळे घेतले आहेत. वरचा समोरचा डावा दात बाजूने घासून ठेवला आहे, तो शेजारच्यावर थोडा चढून बसतो, जसा तिचा बसायचा. तिचा जुना एकही साचा माझ्याकडे नाही. हे मी आठवणीने केले. माझे स्वतःचे दात मला आरशाशिवाय सांगता येणार नाहीत. तिचे येतात, कारण साठ वर्षे मी दुसरे काही इतके निरखून पाहिलेले नाही.

ही पेटी धाकटीला द्यावी. पण दात नुसते तोंडात बसत नाहीत, त्याला माप लागते. म्हणून भाचीने आईला खोलीत उजेडाच्या खुर्चीवर बसवून माप घ्यावे, घाई न करता, हिरडी नीट चाचपून. जबड्यावर नंबर घालू नये, नाव घालावे. मेणावर बसवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. चष्मेवालीने आरसा धरावा. परक्याने केलेली कवळी धाकटीने कुठे टाकायची ते तिने ठरवावे, मला फक्त ती खोलीत नको.

धाकटी नवे दात घालून पहिल्यांदा हसेल तेव्हा या दोघींनी तिच्यासमोर उभे राहावे. ते हसू त्या दोघींना समान मिळावे. माझा वाटा त्यात नाही, आणि त्याचा हेवा मला आत्ता, सही करतानाच वाटू लागला आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले, साक्षीदारांसमोर वाचून दाखवले आणि कोणाला काही खोडावेसे वाटले नाही.

सही: मृत्युपत्र करणारी, कवळ्या बनवणारी, थोरली

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावर छत्र्या दुरुस्त करणारे, माझे शेजारी. (सही)

साक्षीदार दुसरी: दवाखान्यातल्या परिचारिका. (सही)

स्थळ: माझी कामाची खोली.

दिनांक: महिन्याचा दुसरा मंगळवार, दुपारी, उजेड चांगला असताना.